वाचकांचे प्रश्न : राऊटरचे त्रयस्थ फर्मवेअर आणि ते सांभाळणारी माणसे

घरातल्या राऊटरवरचे उत्पादक कंपनीचे फर्मवेअर (म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर) काढून त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो यांसारखे त्रयस्थ फर्मवेअर कसे बसवावे, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे बसवल्यानंतरच्या काळाविषयी आहेत, याचे मला समाधान वाटते. असे फर्मवेअर बसवायला एक संध्याकाळ पुरते. ते वर्षानुवर्षे चालू राहावे म्हणून मात्र कुणीतरी सतत राबत असते आणि त्या कामाविषयी फार थोडे लिहिले जाते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या राऊटरमध्ये ४ एमबी फ्लॅश मेमरी आणि ३२ एमबी रॅम आहे. कंपनीने अपडेट देणे बंद केल्यावर मी त्यावर ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ बसवले आणि ते आजही उत्तम चालते. नव्या आवृत्त्यांच्या यादीत मात्र माझ्या राऊटरचे नावच नाही. चालते यंत्र असे वाऱ्यावर का सोडले?

उत्तर : आपली नाराजी रास्त आहे, पण हा निर्णय कुणी बेफिकिरीने घेतलेला नाही. आपल्या वर्गातल्या अनेक राऊटरांत फ्लॅश मेमरीची (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीची) वाटणी साधारण अशी असते : सुरुवातीचे १२८ केबी बूटलोडरचे (राऊटर चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमचे), शेवटचे ६४ केबी रेडिओच्या कॅलिब्रेशनचे (कारखान्यात मोजून लिहिलेल्या जुळवणीच्या आकड्यांचे) आणि मधले ३,९०४ केबी फर्मवेअरचे. या मधल्या जागेत लिनक्सचा कर्नल (म्हणजे या कार्यप्रणालीचा गाभा), दाबून भरलेली मूळ फाइलव्यवस्था आणि आपण केलेली सेटिंग्ज साठवण्याची जागा, असे तिन्ही मावावे लागते. कर्नल दर आवृत्तीला थोडा थोडा वाढत जातो. १९.०७ मध्ये तो ४.१४ होता, २१.०२ मध्ये ५.४ झाला. शेवटी अशी वेळ येते की फर्मवेअर जेमतेम बसते, परंतु सेटिंग्जसाठी जागाच उरत नाही आणि वीज गेली की राऊटर सगळे विसरतो.

रॅमची अडचण याहून कमी दिसते, पण ती अधिक त्रासदायक आहे. अपडेट करताना नवे फर्मवेअर आधी रॅममध्ये उतरवले जाते आणि तिथून फ्लॅशवर लिहिले जाते. ३२ एमबी रॅममध्ये कर्नल, वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्रॅम) आणि चालू सेवा यांनी आपला वाटा घेतल्यावर त्या फाइलसाठीही जागा अपुरी पडते. म्हणजे ज्या अपडेटने राऊटर सुरक्षित व्हायचा, तेच अपडेट अर्ध्यावर कोलमडू शकते. म्हणून २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम ही अट आली.

आपल्या राऊटरविषयी स्पष्ट सांगायचे तर १९.०७ या शाखेची (आवृत्त्यांच्या मालिकेची) देखभाल एप्रिल २०२२ मध्ये संपली आणि तिच्या खालच्या ४.१४ कर्नलची जानेवारी २०२४ मध्ये. राऊटर ‘उत्तम चालतो’ हे खरे आहे. पण त्यानंतर जगजाहीर झालेली सुरक्षेतील एकही त्रुटी त्यात बुजवली गेलेली नाही. त्याला थेट इंटरनेटच्या दारात उभे करू नये, असे माझे मत आहे. इंटरनेटशी ज्याचा संबंध येत नाही, अशा एखाद्या बंदिस्त प्रयोगासाठी किंवा शिकण्यासाठी तो जरूर ठेवावा.

प्रश्न : एका मॉडेलवर त्रयस्थ फर्मवेअर छान चालले, म्हणून मी तेच मॉडेल आणखी एकदा विकत घेतले. त्यावर मात्र तेच फर्मवेअर स्वीकारले गेले नाही. असे कसे होते?

उत्तर : राऊटर उलटा करून तळाचे लेबल पाहावे. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते आणि दोन आवृत्त्यांमध्ये नाव, खोका आणि प्लास्टिकचे कवच सोडून काहीच समान नसते, असेही घडते. या बाबतीतले सर्वांत गाजलेले उदाहरण याच क्षेत्राच्या जन्माशी जोडलेले आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये लिनक्स असल्याचे लक्षात आल्यावर सोर्स कोड खुला करणे बंधनकारक करणाऱ्या जीपीएल परवान्यानुसार २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करण्यात आला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवात झाली. पुढे २००५ मध्ये त्याच नावाने पाचवी आवृत्ती आली. तिच्यात लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली होती, फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबीवर आणि रॅम १६ एमबीवरून ८ एमबीवर आली होती. ज्यांना लिनक्स हवे होते त्यांच्यासाठी कंपनीने डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल काढले.

फर्मवेअर सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने अशी प्रत्येक आवृत्ती हे नवे यंत्र असते. तेव्हा खरेदीपूर्वी मॉडेलसोबत आवृत्तीही जुळते की नाही ते पाहावे आणि न जुळणारे फर्मवेअर तपासणी डावलून बळजबरीने कधीही चढवू नये.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. माझ्या राऊटरच्या कंपनीने जीपीएलनुसार सोर्स कोड प्रसिद्ध केला आहे. मग त्यावरून ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्या राऊटरचा समावेश करणे सोपे असायला हवे. तरीही यादीत तो नाही. नेमके अडते कुठे?

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीने दिलेली ती संकुचित फाइल उघडून पाहा. आत जो कर्नल असेल तो बहुधा राऊटर बाजारात आला त्याच वेळी काही वर्षे जुना होता, कारण चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या विकाससंचात तोच दिलेला असतो. त्यावर हजारो ओळींचे फेरफार केलेले असतात आणि कोणता बदल कशासाठी केला याचा इतिहास मात्र पुसलेला असतो. वाय-फायच्या ड्रायव्हरच्या जागी पुष्कळदा आधीच कंपाइल केलेली, त्या एकाच कर्नलवर चालणारी फाइल सापडते. तिचा सोर्स नसल्यामुळे कर्नल पुढे नेता येत नाही. ब्रॉडकॉमच्या चिप असलेल्या राऊटरांची गाडी येथेच अडते. फ्रेशटोमॅटो चालवणारे लोक आजही अशा एआरएम राऊटरांवर २.६.३६ हा कर्नल वापरतात, कारण बंद ड्रायव्हर त्याच कर्नलशी बांधलेला आहे. त्या जुन्या कर्नलवर पुढच्या काळातल्या सुरक्षा-दुरुस्त्या एकेक करून स्वतः आणून बसवायच्या, हे त्या मंडळींचे काम किती चिकाटीचे असेल याची आपल्याला कल्पना येईल. याउलट अथेरॉसच्या चिपसाठीचा एटीएच९के किंवा मीडियाटेकच्या चिपसाठीचा एमटी७६ हे ड्रायव्हर मुक्त आहेत आणि मूळ लिनक्स कर्नलमध्येच सामावलेले आहेत. त्यामुळे अशा चिपचा राऊटर असेल तर अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे.

उरलेली अर्धी लढाई हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन लढावी लागते. राऊटर उघडून मदरबोर्डवर सिरियल पोर्टच्या तीन-चार टाचण्या शोधाव्या लागतात. पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची अशा तीन तारा जोडून बहुधा ११५२०० या वेगाने बूट होतानाचा मजकूर वाचावा लागतो. हे पोर्ट सहसा ३.३ व्होल्टचे असते. त्याला ५ व्होल्टचा अडॅप्टर लावू नये. त्या मजकुरातून फ्लॅशची वाटणी कळते. मग डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये त्या यंत्राचे वर्णन लिहायचे : कोणता दिवा कोणत्या पिनवर आहे, रीसेटचे बटण दाबल्यावर व्होल्टेज चढते की उतरते, मॅक पत्ते फ्लॅशमध्ये कोणत्या ठिकाणी आहेत, कॅलिब्रेशन कुठून वाचायचे. यातील शेवटची गोष्ट चुकली तर वाय-फाय सुरू झालेले दिसते, नावही दिसते, पण शेजारच्या खोलीत सिग्नल पोचत नाही, आणि दोष फर्मवेअरच्या माथी मारला जातो. ते कॅलिब्रेशन प्रत्येक यंत्रासाठी कारखान्यात वेगळे मोजून लिहिलेले असते. ते पुसले गेले तर इंटरनेटवरून कुठलीही फाइल उतरवून परत मिळत नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी संपूर्ण फ्लॅशची प्रत काढून ठेवावी.

एवढे करून आपला बदल प्रकल्पात स्वीकारला गेला, की काम संपले असे अनेकांना वाटते. माझ्या मते खरे काम तिथून सुरू होते. कर्नल दर शाखेला बदलतो, कंपाइलर बदलतो, ड्रायव्हरांची अंतर्गत रचना बदलते आणि यादीतल्या प्रत्येक राऊटरवर त्याचा परिणाम होऊ शकतो. प्रकल्पातल्या मूठभर लोकांकडे ती सगळी यंत्रे नसतात, असणे शक्यही नाही. १९.०७ नंतर अथेरॉसच्या जुन्या चिपसाठी असलेला एआर७१एक्सएक्स हा विभाग बंद करून त्याची जागा एटीएच७९ या विभागाने घेतली. जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्राचे वर्णन सी भाषेतल्या कोडमध्ये होते. ते सगळे डिव्हाइस ट्रीमध्ये नव्याने लिहून, खऱ्या यंत्रावर चालवून पाहणे आवश्यक होते. ज्या राऊटरासाठी त्याचा एकही मालक पुढे आला नाही, तो राऊटर पुरेशी मेमरी असूनही मागेच राहिला.

आणि अधूनमधून उद्भवणारा दोष हा तर सांभाळणाऱ्यांची सत्त्वपरीक्षाच घेतो. समजा, नव्या शाखेत एखाद्या राऊटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ दोन दिवसांनी आपोआप बंद पडतो आणि राऊटर पुन्हा सुरू केला की ठीक होतो. दोन शाखांमध्ये समजा हजार बदल झालेले आहेत. दोषी बदल शोधण्यासाठी मधोमध जाऊन फर्मवेअर तयार करायचे, चढवायचे, दोन दिवस वाट पाहायची. दोष आला तर आधीच्या बदलांत, नाही आला तर नंतरच्या बदलांत पुन्हा मधोमध जायचे. अशा दहा फेऱ्या होतात, म्हणजे वीस दिवस, आणि एखाद्या फेरीत दोष केवळ योगायोगाने उमटला नाही तर पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जातो. हे सारे नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, घरच्यांचे इंटरनेट चालू ठेवून करायचे असते. आपण या कामात उतरणार असाल तर घरच्या वापराव्यतिरिक्त त्याच आवृत्तीचा एक वेगळा राऊटर केवळ चाचणीसाठी बाळगावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

प्रश्न : १९.०७ वरून २१.०२ वर जाताना ‘सेटिंग्ज कायम ठेवा’ हा पर्याय नाकारला गेला. अपडेट करून सगळे पुन्हा भरायचे असेल तर त्याला अपडेट का म्हणावे?

उत्तर : त्या टप्प्यावर अनेक राऊटरांमधील स्विच (तारांचे पोर्ट एकमेकांना जोडणारा भाग) हाताळण्याची पद्धत बदलली. पूर्वी ओपनडब्ल्यूआरटीची स्वतःची व्यवस्था होती; २१.०२ पासून लिनक्सच्या मूळ कर्नलमधली डीएसए ही व्यवस्था बऱ्याच विभागांत आली आणि तिच्यात प्रत्येक पोर्टला स्वतंत्र नाव असते. जुन्या सेटिंग्जमधली नावे नव्या व्यवस्थेत अस्तित्वातच नसतात. ती तशीच राहू दिली असती तर राऊटर सुरू झाला असता, पण एकाही पोर्टवरून त्यात शिरता आले नसते. तो नकार म्हणूनच आपल्या भल्याचा होता. पुढे २२.०३ मध्ये फायरवॉल लिनक्समधल्या आयपीटेबल्स या जुन्या यंत्रणेवरून एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेवर गेली, तेव्हा हाताने लिहिलेले नियम असलेल्यांना असाच त्रास झाला. सांभाळणारे लोक स्वतःची वेगळी व्यवस्था सोडून मूळ कर्नलकडे जातात तेव्हा त्यांचा पुढचा भार हलका होतो आणि त्याची किंमत एकदा आपल्याला मोजावी लागते. हा व्यवहार मला योग्य वाटतो.

इंटरनेट जोडणीचे युजरनेम, व्हीलॅनचा क्रमांक, ठरावीक उपकरणांना दिलेले आयपी पत्ते हे वहीत लिहून ठेवावे आणि मोठी उडी घेताना कोऱ्या सेटिंग्जवरून सुरुवात करावी. आणखी एक : सगळी पॅकेजे एकदम अद्ययावत करण्याचा मोह टाळावा. मूळ फाइली दाबून भरलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या भागात असतात. नवे पॅकेज बसवले तरी जुने तिथेच राहते आणि उरलेली जागा भराभर संपते. संपूर्ण नवे फर्मवेअर चढवणे हाच सरळ मार्ग आहे.

प्रश्न : स्वयंसेवकांचे फर्मवेअर कंपनीच्या फर्मवेअरपेक्षा सुरक्षित असते असे सर्रास सांगितले जाते. त्यांच्याकडून चूक झाली तर जबाबदार कोण?

उत्तर : कायदेशीर अर्थाने कुणीही नाही, परवान्यातच तसे लिहिलेले असते. चुका होतात, आणि त्या लपवून या फर्मवेअरची तरफदारी करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ओपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये झालेल्या एका बदलानंतर, पॅकेजांच्या यादीत एसएचए-२५६ हॅशच्या (फाइल खरी आहे हे पडताळणाऱ्या ठशाच्या) आधी असलेली एक मोकळी जागा त्याला पार करता येईना. हॅश वाचता आला नाही म्हणून थांबण्याऐवजी तो प्रोग्रॅम तपासणीच सोडून देत असे, आणि पॅकेजे तर साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीवरून येत होती. म्हणजे वाटेत बसलेल्या कुणालाही बनावट पॅकेज पाठवता आले असते. हा दोष जानेवारी २०२० च्या अखेरीस १८.०६.७ आणि १९.०७.१ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मागणीनुसार फर्मवेअर तयार करून देणाऱ्या सेवेत असाच गंभीर दोष आढळला. विनंती ओळखण्यासाठीचा हॅश केवळ १२ अक्षरांचा कापलेला होता. तो कळवल्यावर काही तासांतच सेवा दुरुस्त करण्यात आली.

या दोन्ही घटनांची कारणे, तारखा आणि दुरुस्तीच्या ओळी कुणालाही वाचता येतात, म्हणूनच मी त्या येथे लिहू शकलो. बंद फर्मवेअरमध्ये अशी मोकळी जागा किती वर्षे पडून आहे, हे बाहेरच्या कुणाला पाहता येत नाही. माझा विश्वास या उघडेपणावर आहे. परंतु ओपनडब्ल्यूआरटी मुळात स्वतःहून अपडेट होत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक शाखेला साधारण एक वर्ष, किंवा पुढची शाखा आल्यावर सहा महिने, सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. दुरुस्ती तयार असूनही ती आपल्या राऊटरवर चढवण्याचे काम आपलेच असते. जो माणूस हे करणार नाही, त्याने आपोआप अपडेट होणारे आणि कंपनी खरोखर अपडेट देते असे यंत्र वापरलेले बरे.

प्रश्न : काही राऊटर दुसरे फर्मवेअर स्वीकारतच नाहीत. हे सरकारी नियमामुळे असते का?

उत्तर : अंशतः. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओंसाठी सॉफ्टवेअर सुरक्षेच्या अटी घातल्या, कारण ठरलेल्या शक्तीबाहेर वा वारंवारितेबाहेर प्रसारण झाले तर हवामानाच्या रडारांत व्यत्यय येऊ शकतो. २०१५ मध्ये त्या अटींचा अर्थ संपूर्ण फर्मवेअरच बंदिस्त करावे असा घेतला जाऊ लागला. नंतर मार्गदर्शक मजकूर बदलण्यात आला, आणि २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत कंपनीने २ लाख डॉलर भरण्यासोबतच त्रयस्थ फर्मवेअरला वाव देण्यासाठी मुक्त समुदायाबरोबर काम करण्याचेही मान्य केले. रेडिओचे नियम पाळणे आणि फर्मवेअर बदलता येणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपणही वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये देशाचा कोड खरा तोच निवडावा. शक्ती वाढवण्यासाठी दुसऱ्या देशाचा कोड टाकणे हे इतरांच्या मोकळिकीवरही गदा आणणारे आहे.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरीही या कामाला माझी काही मदत होऊ शकते का?

उत्तर : निश्चित होऊ शकते, आणि ती मदत दुर्मीळ आहे. वर सांगितल्याप्रमाणे यंत्र हाताशी असलेला माणूस हीच या कामातली सर्वांत मोठी उणीव असते. नवी शाखा जाहीर होण्याआधी तिच्या चाचणी-आवृत्त्या येतात. आपल्याकडे जास्तीचा राऊटर असेल तर त्यावर ती आवृत्ती चढवून आठवडाभर चालवावी. सर्व ठीक चालले तरी तसे कळवावे, कारण ‘या यंत्रावर चालते’ हेही सांभाळणाऱ्यांना कुणीतरी सांगावे लागते. खरेदी करताना मुक्त ड्रायव्हर असलेली चिप निवडणे हीदेखील मदतच आहे. ओपनडब्ल्यूआरटीने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साथीने २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटी वन हा स्वतःचा राऊटर आणला. त्यात १ जीबी रॅम आहे आणि बिघाडातून सावरण्यासाठी वेगळी फ्लॅश चिप आहे. त्याच्या विक्रीतला काही वाटा प्रकल्पाला जातो.

दोष कळवायचा झाल्यास लेबलवरची पूर्ण हार्डवेअर आवृत्ती, फर्मवेअरची नेमकी आवृत्ती, दोष येण्याआधी केलेली शेवटची कृती आणि राऊटर बंद करण्यापूर्वी उतरवून घेतलेला सिस्टिम लॉग, एवढे अवश्य पाठवावे. लॉग रॅममध्ये असतो, राऊटर बंद केला की तो जातो. त्यात वाय-फायचा पासवर्ड किंवा सार्वजनिक आयपी पत्ता आला असेल तर तेवढा खोडावा, बाकी मजकूर कापू नये. आपल्याला निरर्थक वाटणाऱ्या ओळीतच पुष्कळदा कारण सापडते. शिवाय कोऱ्या सेटिंग्जवर तो दोष पुन्हा येतो का, हे आधी तपासून तेही लिहावे.